सामानात एक चिठ्ठी असू द्या

परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेचं वजन आमच्या पेठ वडगावात तीनदा होतं. पहिल्यांदा घरी, आई बॅग उचलून वजनकाट्यावर उभी राहते आणि मग बॅगेशिवाय. दुसऱ्यांदा ओळखीच्या धान्याच्या दुकानात. तिसऱ्यांदा मुंबईच्या विमानतळावर, जिथं वाद घालून काही उपयोग नसतो. त्या 23 किलोंत कांदा-लसूण चटणी असते, मेतकूट असतं, छोटा कुकर असतो. फायलीत पासपोर्ट, गुणपत्रिका आणि बँकेचं पत्र. माझ्याही बॅगेत हे सगळं होतं. तिकडच्या चर्चला ओळख करून देणारी पाळकसाहेबांची चिठ्ठी तेवढी नव्हती.

निघायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला उपासनेत पुढं बोलावून प्रार्थना केली. काकूंनी हातात पाकिटं कोंबली, "पोचलास की फोन कर" म्हणाल्या. चिठ्ठी मागायची असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि द्यायची असते हे कुणाला सुचलं नाही. ती चूक निस्तरण्यात इंग्लंडमधले माझे पहिले चार महिने गेले.

आता वडगाव, वाठार, मिणचे, भादोले, कोडोली या पट्ट्यातली कितीतरी मुलं बाहेर शिकायला जातात. व्हिसाचं एजंट सांगतो, अभ्यासाचं कॉलेज सांगतं. रविवारी सकाळी कुठं जायचं आणि शुक्रवारी रात्री कुणाबरोबर जेवायचं, हे सांगायला कुणी नसतं. या लेखात तेवढंच सांगायचं आहे. लिहितोय ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी. पण इतरांनी 'मंडळी'च्या, म्हणजे चर्चच्या, जागी महाराष्ट्र मंडळ किंवा गुरुद्वारा वाचलं तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

कोल्हापुरातून गेलेलं एक पत्र

चिठ्ठीचं महत्त्व आपल्या जिल्ह्याला तरी कुणी शिकवायला नको. 1878 साली पोस्टखात्यात नोकरी करणारे गोपाळराव जोशी कोल्हापुरात होते. बायकोला, आनंदीबाईंना, अमेरिकेत शिकवायचं त्यांच्या डोक्यात होतं, म्हणून त्यांनी इथल्या अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. कोल्हापूरची मिशन 1852 साली सुरू करणारे रॉयल वाइल्डर तोवर अमेरिकेत परतून प्रिन्स्टनहून एक मासिक चालवत होते. त्यांनी हा पत्रव्यवहार छापला, पण ख्रिस्ती झाल्याशिवाय मदत मिळणं कठीण, असाच त्यांच्या उत्तराचा रोख होता. गोपाळराव आणि आनंदीबाई त्याला तयार नव्हते. प्रकरण तिथंच संपायचं. पण न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलं.

पुढचं सर्वांना माहीत आहे. एप्रिल 1883 मध्ये 18 वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या, त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या आणि 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. ख्रिस्ती घरात राहूनही त्या हिंदूच राहिल्या. तसं त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात जाहीर सांगितलं होतं. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. बोटीत पाय ठेवण्यापूर्वी त्यांची पलीकडे एका माणसाशी ओळख झालेली होती. फोन आणि व्हिडिओ कॉल खिशात असूनही आपण बहुतेकजण तेवढी तयारी करत नाही.

निघण्यापूर्वीची कागदपत्रं

पाळकसाहेबांना महिनाभर आधी भेटा आणि मंडळीच्या लेटरहेडवर इंग्रजीत शिफारसपत्र मागा. त्यात मोजक्याच गोष्टी हव्यात: तुमचं नाव, बाप्तिस्म्याचं आणि दृढीकरणाचं साल, तुम्ही प्रभुभोजन घेणारे सभासद आहात हा उल्लेख, मंडळीत काय काम करत होतात, आणि कोणत्या शहरात कशासाठी जात आहात. 'तरुण संघाचा सेक्रेटरी' किंवा 'शब्बाथ शाळेत शिकवतो' हे एक वाक्य पानभर स्तुतीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. सोबत बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत ठेवा. कॅथलिक मुलांना तर पुढं तिकडं लग्न ठरलं तर हाच दाखला लागतो.

दुसरा प्रश्न, कुठल्या चर्चला जायचं? 'आमचं सीएनआय तिकडं कुठं असणार?' असं अनेकांना वाटतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात स्थापन झालं तेच मुळी अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन. त्यामुळं आपलं नातं बऱ्याच घरांशी लागतं. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंड, स्कॉटलंडमध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड, कॅनडात युनायटेड चर्च, ऑस्ट्रेलियात युनायटिंग चर्च, अमेरिकेत प्रेस्बिटेरियन किंवा एपिस्कोपल. दारावरची पाटी अनोळखी वाटली तरी आतले बरेचसे लोक आपले चुलतभाऊ आहेत असं समजा.

शहर ठरलं की राहण्याच्या जागेपासून चालत जाता येईल अशी दोन-तीन चर्चं नकाशावर शोधा आणि चिठ्ठी जोडून त्यांना ईमेल करा. विद्यापीठाच्या चॅपलनलाही पाठवा. चॅपलन म्हणजे विद्यार्थ्यांसाठी नेमलेला पाळक; बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असतो आणि सगळ्या धर्मांच्या मुलांशी बोलतो. तिघांपैकी एकाचं जरी उत्तर आलं तरी तुमची 'मावशी' सापडली.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथं गेल्यावर नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथं 'इव्हँजेलिश' (म्हणजे प्रोटेस्टंट) किंवा 'कॅथॉलिश' लिहिलंत की पुढं कमाई सुरू झाल्यावर आयकराच्या 8 किंवा 9 टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. विद्यार्थी म्हणून आयकर लागतच नसेल तर चर्चकरही नाही. खोटं लिहू नका, पण काय लिहितोय ते समजून लिहा. जर्मन विद्यापीठांत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक विद्यार्थी-मंडळ्या असतात. परदेशी विद्यार्थी पैशाच्या खरोखर अडचणीत आला तर त्यांच्याकडून मदत मिळू शकते. त्यांचा पत्ता पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.

पहिले तीन रविवार

पोचल्यानंतरचा पहिला रविवार चुकवू नका. झोप झालेली नसेल, पाऊस असेल, काय घालावं कळणार नाही, तरी जा. एकदा 'पुढच्या रविवारी' म्हटलं की पुढचा रविवार कपडे धुण्यात जातो आणि मग नाताळच उगवतो. माझं नेमकं तसंच झालं.

तिथली उपासना आपल्यापेक्षा आटोपशीर असते, अनेकदा तासाभरात संपते. चपला-बूट बाहेर काढायचे नसतात. बायका-पुरुष वेगळे बसत नाहीत. पाळकाला लोक सरळ नावानं हाक मारतात. तुमच्या तोंडून 'सर' निघालं तर हसतील, पण वाईट वाटून घेणार नाहीत. अर्पणाची थैली फिरेलच असं नाही, दाराजवळ कार्ड टेकवायचं यंत्रही असतं. शिकत असताना काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. प्रभुभोजनात काही ठिकाणी खरा द्राक्षारस असतो, काही ठिकाणी रस. काही ठिकाणी एकच प्याला, काही ठिकाणी छोटे पेले. गोंधळ वाटला तर शेजाऱ्याला आधीच विचारा.

आणि कुणी येऊन मिठी मारेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडं नवा माणूस दिसला की 'कुणाचा तू? गाव कुठलं?' हे उपासनेच्या आधीच विचारून होतं. तिथं असं विचारणं आगाऊपणा समजतात, म्हणून लोक लांब राहतात. तो तुसडेपणा नव्हे, त्यांची तीच रीत आहे.

एका चर्चला लागोपाठ तीन रविवार जा आणि मगच ठरवा. पहिल्या रविवारी तुम्ही पाहुणे असता, दुसऱ्या रविवारी 'तो परत आलेला मुलगा' होता, तिसऱ्या रविवारी कुणीतरी नाव विचारतं. तिन्ही रविवारी नुसतं हवापाण्याचंच बोलणं झालं तर दुसरं चर्च बघा. पण दर आठवड्याला नवं चर्च आणि नवी गाणी असं करत वर्ष काढू नका. त्यातून कुठलंच घर आपलं होत नाही.

टेबलाचं दुसरं टोक

माझं घर कसं झालं ते सांगतो. उपासनेनंतर तिथं हॉलमध्ये चहा-कॉफी असते. मी कप घेऊन सूचनाफलकापुढं उभा राहायचो. बॉयलर दुरुस्तीचा निधी, विणकामाचा वर्ग, हरवलेली मांजर, सगळं मला पाठ झालं होतं. एका रविवारी सत्तरीच्या एक बाई लाकडी टेबल एकट्याच ओढत होत्या. मला म्हणाल्या, जरा त्या टोकाला धरतोस का? टेबल घडीचं होतं आणि पाय काही केल्या मिटेनात. वडगावात मंडप घालताना अशी टेबलं मी शेकड्यानं मिटवली आहेत. खालची कडी आत दाबून पाय दुमडला. त्यांनी टाळी वाजवली. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेली सहा टेबलं आणि सगळ्या खुर्च्या भिंतीला लावल्या. पुढच्या रविवारी त्यांना माझं नाव पाठ होतं आणि मला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पुढच्या नाताळात मी त्यांच्या घरी जेवलो.

तेव्हापासून जो विचारेल त्याला मी हेच सांगतो: बसायला जाऊ नका, उचलायला जा. कपबश्या विसळा, खुर्च्या लावा, पडद्यावर गाण्याचे शब्द सरकवायला बसा. इंग्रजी अडखळत असली तरी या कामांना चालते. दोघं मिळून काम करताना बोलण्याचा ताण येत नाही, आणि गप्पा आपोआप निघतात.

कधी प्रीतिभोजन असतं, प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. पहिल्याच वेळी तांबडा रस्सा नेऊन पराक्रम करू नका. मी केला होता. पातेलं जसंच्या तसं परत आलं. पुलाव किंवा शिरा न्या, हातोहात जातो. एक गोष्ट मात्र कधीच विसरू नका: पदार्थात काय आहे ते चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवा. आपण शेंगदाण्याचं कूट सवयीनं घालतो, चटणीत तीळ असतात. तिकडं या दोन्ही गोष्टींची जिवावर बेतणारी अॅलर्जी असलेली माणसं असतात.

आठवड्याचे उरलेले सहा दिवस

सगळं आयुष्य चर्चमध्येच काढायचं नसतं. माझ्या मते विद्यार्थ्याला तीन गोतावळे हवेत: एक उपासनेचा, एक मराठी बोलण्याचा आणि एक वर्गातल्या, वेगवेगळ्या देशांच्या मुलांचा. एक रुसला तर बाकीचे दोन सांभाळून घेतात.

मराठीसाठी महाराष्ट्र मंडळं आहेत. लंडनचं मंडळ 1932 पासून चालू आहे, आणि उत्तर अमेरिकेतली मंडळं 1981 पासून बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली आहेत. गणपतीच्या कार्यक्रमाला ख्रिस्ती मुलानं जावं का, असं मला विचारतात. आपल्या पेठेत आपण शेजारच्या मंडळात वाढपी म्हणून उभे राहतोच ना? तिथंही राहा. विवेक ज्याचा त्यानं ठरवावा. पण मराठीत पोटभर बोलायला मिळणं हे तिथं औषध असतं.

वर्गातली मुलं शुक्रवारी पबमध्ये जातात. तिथं लिंबूसरबत घेऊन बसलं तरी चालतं. कारण कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर 'मी घेत नाही' एवढं पुरतं. प्रवचन देऊ नका. तासाभरानं उठून आलात तरी सोमवारी तुम्ही त्यांच्यातलेच असता.

कामाचे तास मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळा. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तास, अशा मर्यादा असतात. नियम बदलतात, म्हणून आपल्या व्हिसावर काय लिहिलंय तेच प्रमाण माना. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर कलाकार म्हणून पैसे घेऊन कार्यक्रम करता येत नाही. चर्चमध्ये हौसेनं तबला-पेटी वाजवा, पण लग्नात वाजवून मानधन घ्याल तर भलत्याच अडचणीत याल.

लहान गटाची ताकदही लक्षात ठेवा. रॉयल वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरात जन्मला आणि पुढं प्रिन्स्टनला शिकायला गेला. वडिलांच्या घरी तो काही वर्गमित्रांना प्रार्थनेला जमवायचा. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथल्या शिबिरातून विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली, त्यामागं तोच रॉबर्ट होता. आपल्याला चळवळ उभी करायची नाही. पण खोलीत चौघांनी बुधवारी एकत्र जेवून, एक अध्याय वाचून प्रार्थना केली तर आठवडा सरळ जातो.

गोड बोलणाऱ्यांपासून जपा

नव्या विद्यार्थ्याला जेवायला बोलावणारे लोक बहुतेक मनापासून बोलावतात. पण काही गट एकट्या परदेशी मुलांवरच जाळं टाकतात. मीही एकात अडकलो होतो. आधी मंगळवारचं जेवण, मग मंगळवार-गुरुवार अभ्यास, मग 'तुझा बाप्तिस्मा खरा नव्हे, पुन्हा घे'. खुणा ठरलेल्या असतात: फक्त आमचंच चर्च खरं; घरी फोनवर हे सांगू नकोस; परीक्षा असली तरी सभा चुकवायची नाही; कबुलीजबाब एका 'मोठ्या भावा'ला द्यायचा; पैशाचा आकडा तेच सांगणार. यातल्या दोन खुणा दिसल्या तरी उठा. चॅपलनला किंवा आपल्या पाळकसाहेबांना विचारा. चांगली मंडळी 'नाही' ऐकून घेते.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचा कणखरपणा आठवावा. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींच्या मठात राहिल्या आणि 29 सप्टेंबरला मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून सांगतील ते सगळं मान्य, असं त्यांनी केलं नाही. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जायला त्या तयार नव्हत्या. तरी त्यांनी माया तोडली नाही. आश्रय देणाऱ्यांचे उपकार मानायचे आणि बुद्धी मात्र गहाण ठेवायची नाही, हे दोन्ही एकाच माणसाला जमू शकतं.

अंधार लवकर पडतो तेव्हा

रमाबाईंच्या सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण गेली होती. इंग्लंडमध्ये पोचल्यानंतर काही महिन्यांतच तिनं आपला जीव दिला. परक्या देशात मन किती खचू शकतं हे सांगायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी तिकडं चार वाजताच अंधार होतो. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, वर्गाला जावंसं वाटेना, असं दोन आठवडे चाललं तर 'प्रार्थना कमी पडते' म्हणत बसू नका. प्रार्थना कराच, पण विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळही घ्या. बहुतेक ठिकाणी ही सेवा मोफत असते. ब्रिटनमध्ये 116 123 आणि अमेरिकेत 988 हे मदतीचे क्रमांक रात्री-अपरात्रीही चालू असतात. मित्र गप्प झालेला दिसला तर त्याच्या खोलीचं दार वाजवा.

नाताळची सोय डिसेंबर उजाडायच्या आत करा. आपल्याकडं नाताळ म्हणजे गीतांची फेरी, करंज्या आणि घरभर माणसं. ब्रिटनमध्ये 25 डिसेंबरला रेल्वे बंद, दुकानं बंद, वसतिगृह रिकामं. अनेक चर्चं अशा विद्यार्थ्यांसाठी जेवण ठेवतात किंवा एखाद्या कुटुंबाकडं पाठवतात. पण सांगितल्याशिवाय कुणाला कळणार?

घरच्यांसाठी दोन शब्द

आई-वडिलांनो, घड्याळ समजून घ्या. आपल्या सकाळी 10 च्या उपासनेच्या वेळी इंग्लंडमध्ये हिवाळ्यात पहाटेचे साडेचार आणि न्यूयॉर्कमध्ये शनिवारच्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. मोबाइलवर इथली उपासना लावून मुलानं तिथली चुकवावी असा आग्रह धरू नका. 'देवळात गेला होतास का?' एवढंच विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर येईल. 'आज तिथं कोण भेटलं?' असं विचारा. दोन नावं सांगता आली तर निर्धास्त झोपा. सलग चार रविवार एकही नाव आलं नाही तर पाळकसाहेबांना सांगा.

मुलांनो, तुम्हीही तीन महिन्यांनी एकदा मंडळीला चार ओळी लिहा. उपासनेत वाचून दाखवतात तेव्हा मागच्या बाकावरची आजीसुद्धा कान टवकारते. आणि परतताना तिथल्या पाळकाकडून चिठ्ठी घ्यायला विसरू नका. माझी मी अजून जपून ठेवली आहे. नाव, साल, प्रभुभोजन घेणारा सभासद, सगळं रीतसर आहे. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलंय की हा मुलगा टेबलं फार चांगली मिटवतो. आमच्या पाळकसाहेबांनी ती वाचली, हसले आणि म्हणाले, "बरं झालं आलास. रविवारी मंडप उतरवायचाय."